एकट्याला खोली मिळणार नाही

दसऱ्यानंतरचे दिवस. आदिलाबादच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत मीनल स्टुलावर चढून 'टू-लेट'ची पाटी बांधत होती, अन् ते स्टूल असं डुगडुगत होतं की बघणाऱ्याचाच जीव वरखाली व्हावा. जाता जाता एका तरुणानं न विचारता ते धरलं. मीनलनं खाली पाहिलं. त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते, अन् ओठांत हसू...

"कायले बांधता पाटी? खोली मलेच पायजे."

"एकट्याले देत नाई आमी. फॅमिली पायजे."

"हाय ना... बायको हाय. अर्पिता. मंचेरियालले मास्तरीण हाय, बदली झाली की येईन."

हा भूषण, मुधोळचा. घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत कामाला. वडील गेल्यापासून वरच्या तीन खोल्यांचा किराया अन् बँकेचा हप्ता मीनलच सांभाळत होती. आई प्रयागबाईला तर बँकेचं नाव काढलं तरी धडकी भरायची. असा जाणकार किरायदार म्हणजे देवच पावला म्हणायचा. तिन्ही खोल्या कायम भरलेल्या राहतील असं धरून चालू नये, एक रिकामीच समजावी. करार अकरा महिन्यांचा करावा. किराया दरवर्षी थोडा वाढवावा, एकदम नाही... जिन्याच्या पायरीवर बसून चहा पिता पिता तो समजावून सांगायचा. तिला पहिल्याच वेळी कळायचं. तरी ती पुन्हा विचारायची!

बायकोबद्दलही विचारायची. कशा आहेत त्या? भूषण कपात बघत सांगायचा – तापट आहे, पण मनानं लई चांगली. भाव करताना कमरेवर हात ठेवते. चहात साखर घेत नाही. मीनल आपला बिनसाखरेचा चहा पीत ऐकायची, अन् त्या न पाहिलेल्या बाईचा असा हेवा करायची की तिची तिलाच लाज वाटावी. एवढी हुशार पोरगी, पण इथं अगदीच मठ्ठ निघाली. दुसरीच्या नवऱ्यावर जीव जडलाय, एवढंच तिला कळत होतं, अन् ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

होळी झाली. आता जूनमध्ये बदली होणार, ती बाई येणार, गच्चीवर वाळवण घालणार. ते बघणं मीनलच्या जिवावर आलं. तिनं घर विकायचं ठरवलं, अन् आईला हप्त्याचं कारण सांगितलं.

ऐकून भूषणचा चेहराच उतरला. किरायातून हप्ता निघतोय, मग घाई कशाला? विकायचंच तर किरायदारांसकट विका, किराया चालू दिसला की घेणारा भावही बरा देतो – तो पोटतिडकीनं सांगत राहिला. मीनलला वाटलं, खोलीसाठीच चाललंय सारं. तिनं घर रिकामं मागणारं गिऱ्हाईक पाहिलं अन् व्यवहार करून टाकला. त्याच आठवड्यात निर्मल गावाहून स्थळ आलं, त्यालाही ती हो म्हणाली. एकदाचं सगळंच मिटलेलं बरं.

रजिस्ट्री झाली त्या दुपारी भूषण निघाला. एक सुटकेस अन् एक शेगडी. संसाराचं म्हणावं असं भांडंही नव्हतं.

"अर्पिताताईची भेट राह्यलीच," मीनल म्हणाली.

"कोनी नाई अर्पिता." त्यानं मान खाली घातली. "नव्हतीच. खोलीसाठी बोललो होतो. अन् मंग जे जे सांगत गेलो... ते तुमालेच पाहून."

मीनल भिंतीला टेकली. तिला त्याचा संताप आला, अन् आपल्या त्या नियमाचा त्याहून जास्त.

"इतके दिवस काऊन नाई बोलले?"

"आधी भेव वाटे, खोली जाईन. मंग वाटे... तुमी जासान."

"परवा साक्षगंध हाय माहा, निर्मलच्या पोरासंगं," ती कशीबशी म्हणाली.

तो सुटकेस उचलून जिना उतरला. ती त्याला हाक मारू शकली असती. पण शब्द दिलेला होता, अन् निर्मलच्या माणसांचा त्यात काय दोष?

प्रयागबाई वर आल्या तर लेक रिकाम्या खोलीत बसून रडतेय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घरासाठी इतकं रडते काय माय? दुसरं घेऊ."

"घेऊ ना," मीनल म्हणाली, अन् आईच्या पदरात तोंड खुपसून आणखीच रडली.