एक मिनिट चाळीस सेकंद

या, अलीकडे सरकून बसा. दार लोटून घे रे, शुभम, वारा येतोय. आणि मोबाईल उपडे ठेवा सगळ्यांनी. ही गोष्ट बघायची नाही, ऐकायची आहे.

बिरवाडीच्या ऋत्विकचं हे झालेलं. ऐकीव नाही, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं, तेही एकदाच.

दोन हजार चोवीस साल. नोव्हेंबरची एकवीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ऋत्विक मोटारसायकल काढून महाडला गेला. दीपकच्या दुकानातून एक नवी हार्डडिस्क घ्यायची होती. घेतली. येताना चार अंडी, पाव घेतले. आठ वाजता खोलीवर परत.

मुंबईत सहा वर्षं काढून तो गावाकडे आला होता. काम फिल्म एडिटिंगचं. म्हणजे लोक कॅमेऱ्यात जे ढीगभर भरून आणतात, त्यातलं काढून टाकायचं आणि उरलेलं सांधायचं. बिरवाडीत माडीवरची एक खोली भाड्याने घेतली होती. आजूबाजूच्या खोल्यांत सगळे कंपनीतले कामगार. त्या आठवड्यात सगळ्यांची रात्रपाळी. नऊ वाजता कंपनीची बस येऊन गेली, की अख्ख्या माडीवर हा एकटा.

फिल्म होती पोलादपूरच्या अरविंदची. कुडपणच्या पठारावर वर्षभर राहून त्याने ती केली होती. नाचणीची लावणी, वरईची कापणी, माणसं, गुरं. बहात्तर मिनिटांची. चित्राचं काम संपलं होतं. आता राहिला होता आवाज. तो नीट बसवायला मुंबईत प्रियदर्शिनी नावाची बाई होती, तिच्या क्षेत्रात नावाजलेली. तिच्यासाठी ऋत्विकला त्या रात्री फाईल तयार करायची होती. बोलणं एका ओळीत, वारा-पाखरं-पाणी दुसऱ्या ओळीत, गाणी तिसऱ्या. आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना कापलेल्यातला थोडा आवाज जास्तीचा सोडायचा. शिंपी शिवणीत माया ठेवतो ना, तसा. पुढच्याला सांधा जुळवायला बरं पडतं.

साडेआठला अरविंदचा फोन आला.

"ऋत्विक, ठमाबाईच्या तुकड्याला माया ठेवू नकोस. एक सेकंदही नाही."

"सर, तिचं बोलणं तर आधीच काढलंय."

"टोकाला एखादा शब्द राहिला असेल. श्रीपत स्वतः येतोय तुझ्याकडे ऐकायला. त्याची खात्री करून दे." मग म्हणाला, "माझा नाइलाज आहे रे."

आता ठमाबाई कोण, ते सांगतो. कुडपणच्या अंगाला एक वाडी आहे, नाव नको. तिथली एकटी म्हातारी. तिची लेक अंकिता त्याच वाडीत दिलेली. जावई तापाने गेला, आणि त्याचा थोरला भाऊ म्हणजे हा श्रीपत. भावाच्या वाट्याची शेती अंकिता सोडीना. एका दुपारी ती विहिरीत सापडली. गावाने ठरवलं, पाय घसरला. म्हातारीला कोणी विचारलंच नाही. सहा वर्षांनी अरविंदने कॅमेरा लावला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. एक मिनिट चाळीस सेकंद.

"माझी पोर घसरली नाय. श्रीपतनं ढकलली तिला. मी वरच्या बांधावर होते, ह्या डोळ्यांनी बघितलं. वरडले, तर तो माझ्याकडं बघून पदर झटकावा तसे हात झटकून गेला." आणि शेवटी अरविंदला विचारलं, "ह्याच्यात ऱ्हाईल ना रे माझा आवाज?"

अरविंद म्हणाला, "राहील, मावशी."

पण श्रीपत म्हणजे वाडीचा कर्ता माणूस. अरविंदला राहायला घर त्याचं, फिरायला जीप त्याची, पंगतीला जेवण त्याचं. त्याच्या कानावर गेलं आणि त्याने सांगितलं, ते काढायचं, नाहीतर फिल्म पडद्यावर लागू देणार नाही. अरविंदने मान तुकवली. ऋत्विकने कापलं. अरविंदने निदान एवढं केलं, की वाडीवर जाऊन म्हातारीला खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. त्यानंतर कोणाशीच बोलली नाही. पाणी हवं का विचारलं तरी नाही. एकोणीस दिवस तोंड मिटून होती. विसाव्या दिवशी गेली.

ही ऑक्टोबरातली गोष्ट. तर आता त्या रात्रीचं.

ठमाबाईचा एकच तुकडा फिल्ममध्ये उरला होता. चुलीपुढे बसून ती फुंकणीने जाळ करते. बारा सेकंद. बोलणं नाही. ऋत्विकने त्याची माया काढली, शून्य केली, फाईल बाहेर काढली. नऊ चाळीस झाले होते. त्याची सवय अशी, की काढलेली फाईल पुन्हा उघडून तपासायची. उघडली.

तो तुकडा लांब होता.

मोजला. एक मिनिट बावन्न सेकंद. बारा, आणि वर एक चाळीस.

त्याला वाटलं, चूक आपली. जुना तुकडा उचलला गेला असेल. पुन्हा सगळं नीट केलं, पुन्हा फाईल काढली. सव्वादहा. उघडली. एक मिनिट बावन्न.

मग त्याने हेडफोन घातले.

आधी फुंकणी. फूऽ... फूऽ... मग खोकला. मग ठमाबाईचा आवाज. पण विहिरीचं काही बोलेना. ती म्हणाली,

"तू कापलंस."

हे कधी रेकॉर्ड झालेलं नव्हतं. त्याने ते सगळं शूटिंग वीस-वीस वेळा ऐकलं होतं. त्याचा हात माऊसवर होता. माऊस हलेना, का हात हलेना, त्याला कळलं नाही.

"सांगितलं म्हणून कापलं, मावशी," तो म्हणाला. बंद खोलीत, एकटा.

फूऽ... फूऽ...

"तो येतोय न्हवं?"

"हो."

"येऊ दे त्याला."

एवढंच. मग आवाजाची पट्टी संपली.

ऋत्विकने हेडफोन काढले. कान गार पडले होते. बाहेर चंद्र नुकताच वर येत होता, आणि खाली जीप थांबल्याचा आवाज आला. जीपचं दार वाजलं. जिन्यावर जड पावलं.

आता बघा, त्या जिन्याला एकवीस पायऱ्या. तेवढ्या वेळात ऋत्विक दारातून सांगू शकला असता, दादा, परत जा. फाईल पुसून टाकू शकला असता. तो म्हणाला, मी पायऱ्या मोजत बसलो. फक्त मोजत बसलो.

श्रीपत आत आला. अंगात पांढरा सदरा, तोंडात विडा. खुर्ची ओढून बसला.

"काय रे, झालं का साफ? ऐकव."

ऋत्विकने हेडफोन उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"तुम्हीच ऐका, दादा."

श्रीपतने ते घातले. ऋत्विकने बटण दाबलं. पडद्यावर ठमाबाई चूल फुंकत होती. बारा सेकंद झाले. चित्र संपलं. काळा पडदा. आवाजाची पट्टीही थांबली, हिरवा काटा खाली येऊन पडला. म्हणजे आवाज नाही. काहीच वाजत नाही.

श्रीपत ऐकत होता.

त्याचं चावणं थांबलं.

"...नाय," तो म्हणाला.



"नाय, मावशी... मी नाय..."

काटा हलत नव्हता.

"कोण बघणार हुतं... तू हुतीस वर... हां. बघितलंस."

विड्याचा लाल ओघळ हनुवटीवर आला. पुसला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर. शाळेत मास्तरांपुढे बसतात तसा.

"...तिला नको बोलवू."

"मावशी, तिला नको..."

ऋत्विकला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. श्रीपतचा नाही.

शेवटी श्रीपतने हेडफोन काढले, हळूच, टेबलावर ठेवले. आणि तसाच ऐकत राहिला.

"बंद कर," तो म्हणाला.

"बंदच आहे, दादा."

"बंद कर रे."

ऋत्विकने बटण दाबून वीजच तोडली. कॉम्प्युटर विझला. दिवा गेला. खोलीत चांदण्याचा एक पट्टा तेवढा.

अंधारात श्रीपत ऐकत होता.

मग उठला. भिंतीला धरून जिना उतरला. जीप सुरू झाली. ऋत्विक सकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून होता.

श्रीपत घरी गेला नाही. रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "लिवून घ्या. सगळं लिवून घ्या, म्हंजे ती थांबंल." विहीर, दुपार, कसा धक्का दिला, कोणता हात लावला, सगळं. हवालदाराने लिहून घेतलं. श्रीपतने सही केली. मग मान कलती करून जरा वेळ थांबला. आणि रडायला लागला.

ती थांबली नव्हती.

आजही नाही. तुरुंगात कानात कापसाचे बोळे घालून बसतो म्हणतात. झोपेत उत्तरं देतो. "हां मावशी. सांगितलं, मावशी. परत सांगतो." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ज्याने तिला सहा वर्षं बोलू दिलं नाही, त्याला आता तिच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. बायको भेटायला गेली होती. तिचे नुसते ओठ हलताना दिसले त्याला.

अरविंदने ते एक मिनिट चाळीस सेकंद फिल्ममध्ये परत घालायला सांगितले. त्याने सांगायच्या आधीच ऋत्विकने ते घालून ठेवले होते. या वेळी पूर्ण माया सोडून. डिस्क मुंबईला गेली.

चार दिवसांनी प्रियदर्शिनीचा फोन आला.

"ऋत्विक, काम छान केलंयस. एक विचारायचं होतं. म्हातारीच्या शेजारी बसलेली ती मुलगी कोण?"

"कोण मुलगी?"

"चित्रात नाही, आवाजात आहे. म्हातारीचं बोलून होतं ना, त्याच्या पुढे तू जास्तीचा तुकडा सोडलायस, त्यात. अगदी माइकला तोंड लावून बोलल्यासारखा आवाज आहे. तरुण."

ऋत्विकने कॅमेऱ्यातलं मूळ रेकॉर्डिंग काढून पाहिलं. त्या अंगणात तिघंच होती. ठमाबाई, अरविंद आणि कॅमेरावाला साहिल. म्हातारी बोलून थांबते, त्यापुढे नुसता वारा. ऋत्विकला ते पाठ होतं. प्रियदर्शिनीच्या फाईलमध्ये मात्र त्याच वाऱ्यात, त्याच जागी, कोणीतरी अगदी शांतपणे म्हणतं,

"चल गो आये. घरा जाऊ."