एकोणीस इंच

त्या वर्षी ‘निळी चोळी’ हे गाणं घरोघरी वाजत होतं आणि प्रत्येक घरात त्यात नाचणारी तारिणी वेगळी दिसत होती. कुणाच्या पडद्यावर तिची मान लांब, तर कुणाच्या पडद्यावर दंड बारीक. अशा गाण्यांना नजरगाणी म्हणत. पडद्यातला बारीकसा कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचा आणि नजर जिथं रेंगाळेल त्याप्रमाणे नाचणारीचं अंग पुढच्या वेळी नव्यानं रेखाटलं जायचं. चार वर्षांत लोकांना याचं नवल वाटेनासं झालं होतं.

सांगलीच्या गावभागात ब्लाउज शिवणाऱ्या शालन कोष्टीला मात्र या प्रकाराचा भारी राग होता. पूर्वी बायका अंगाला नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज पिशवीत घालून आणायच्या. तो मापाचा ब्लाउज. आता पोरी पडद्यावरच्या तारिणीवर बोट ठेवून तिचीच मापं उतरवून आणायच्या. “काकू, ह्या मापाचा शिवा, तोवर मी बारीक होते.” शालन एकदा कागदाकडे बघायची, एकदा पोरीकडे. कापड काय, म्हणाल तसं बेतता येतं. पोरीला कसं बेतायचं?

आणि आता तिची स्वतःची केतकी त्यातलीच निघाली. अठरा वर्षांची पोर, कॉलेजच्या गॅदरिंगला त्याच गाण्यावर नाचणार होती. चोळीसाठी तारिणीच्या कमरेचं माप ती आईच्या वहीत स्वतःच लिहायची आणि दर महिन्याला खोडायची. जूनमध्ये सत्तावीस, ऑगस्टमध्ये चोवीस, काल एकोणीस. ताटातली भाकरी अर्ध्यावरून चतकोरावर आली होती. सोमवारी कॉलेजच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली.

अशात बुधवारी दुपारी डॉ. रेणुका परचुरे दुकानात आल्या. नजरगाण्यांमागचं यंत्र त्यांनीच बनवलं होतं. माहेरच्या गावानं सत्कार ठेवला होता आणि त्यांना साडीवर ब्लाउज हवा होता. त्यांनी पिशवीतून मापाचा ब्लाउज काढला. शालननं तो उलटा करून शिवणी बघितल्या. सैल करण्यासाठी आत ठेवलेलं सगळं कापड आधीच सोडून झालं होतं.

“हा तुम्हाला होत नाही, मॅडम. हात वर करा, टेपनं घेते.”

टेप कमरेभोवती आली. चौतीस. शालननं आकडा लिहिला नाही आणि टेपही सोडली नाही.

“एक विचारू? तुमचं ते यंत्र बघतं तरी काय?”

“डोळ्यातली बाहुली,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “आवडीचं काही दिसलं की ती मोठी होते. आपण ठरवून नाही करत, आपोआप होतं. यंत्र ते टिपतं आणि जे आवडलं ते जरा वाढवून दाखवतं. माणसाचं मन भरलं की बाहुली शांत होते, मग यंत्रही थांबतं.”

“थांबतं? बघितलंय तुम्ही?”

“साडेतीनशे मुलांवर तपासलंय, शालनताई.”

“मुलांवर. आणि पोरींवर?”

डॉक्टर जरा अडखळल्या. “तेव्हा वाटलं, नजर ती नजर. सगळ्यांची सारखीच.”

“माझी पोरगी ते गाणं बघते तेव्हा मी तिचे डोळे बघितलेत. तिला आवडत नाही हो काही त्यातलं. भ्यालेली असती ती. भ्याल्यावर बाहुली काय करती?”

डॉक्टरांनी वर केलेले हात खाली घेतले.

“भीतीनंही मोठीच होते,” डॉक्टर म्हणाल्या.

“म्हणजे ही भिऊन कमरेकडे बघणार. यंत्राला वाटणार हिला आवडली. ते आणखी बारीक करणार. ही आणखी भिणार. आणि थांबणार कुठं?”

“भीती संपेल तिथं.” डॉक्टरांचा आवाज पार खाली गेला होता.

“आत्ताच्या आत्ता बंद करा ते. केल्याशिवाय टेप सोडत नाही.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. कमरेला टेप तशीच, त्यांनी फोन काढला, केतकीचं नाव विचारलं आणि बोटं चालवली. “झालं. आता तिला मूळ तारिणी दिसेल. शूटिंगच्या दिवशी होती तशी. यापुढं हे चित्र बदलणार नाही.”

शालननं टेप तशीच धरून हाक मारली. केतकी आतल्या खोलीतून दाराला धरत आली. भिंतीवरच्या पडद्यावर गाणं सुरू झालं. भरल्या अंगाची, तीस इंच कमरेची एक धडधाकट बाई मनापासून नाचत होती, गिरकी घेताना हसत होती. शालननं खरी तारिणी पहिल्यांदाच बघितली आणि तिला ती फार आवडली. आता पोर जेवेल, असं वाटून तिचा श्वास मोकळा झाला.

केतकी पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिच्या कपाळावर आठी पडली.

“आई, हिला काय झालंय?” ती हळू आवाजात म्हणाली. “आजारी आहे का? किती सूज आलीय तिच्या अंगावर.”

“अगं, ती अशीच आहे. खरी.”

“काहीतरीच. मी रोज बघते तिला.” केतकीनं तारिणीकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि नकळत स्वतःच्या कमरेभोवती दोन्ही हात आवळले. मग ती आत निघून गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

शालन संतापानं डॉक्टरांकडे वळली. बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टरांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या पडद्यावरच्या त्या तीस इंची कमरेकडे एकटक बघत होत्या.

शालनच्या हातातली टेप हळूच सैल झाली. डॉक्टरांनी पोट आत ओढून धरलं होतं.