नाव घातलेली ताटली

कपडे नेले, गोळ्यांची पिशवी नेली, मोबाइलचा चार्जरसुद्धा आठवणीने नेला. पण आपलं नाव घातलेली स्टीलची ताटली आणि पेला मात्र एलिशाने ओट्यावर पालथे घालून ठेवले होते, आणि अबीगेल सकाळपासून त्या दोन भांड्यांभोवतीच घोटाळत होती. घर सोडून जाणारं पोर स्वतःचं भांडं मागे का ठेवतं? विसरला म्हणावं, तर इतकं लख्ख धुऊनपुसून?

दाराशी उभा राहून तो एवढंच बोलला होता, "मावशी, मी लाइन आळीत किशोरीताईंच्या खोलीवर राहायला जातो. गटातली मुलं असतात तिथे. तू आता इस्रायलला मामाकडे जा. माझ्यापायी पुष्कळ अडकलीस." त्याला रागवावं, हात धरून आत ओढावं, तर नेमकी तिला सर्दी झालेली, ती तोंडावर पदर धरून लांबच उभी राहिली, आणि तो जिना उतरून गेला.

अडकलीस म्हणे... तो शब्द तिच्या जिव्हारी लागला होता. बहीण गेली तेव्हा हे पोर तिच्या कडेवर होतं, आणि आईचा आजार जन्मतःच त्याच्या रक्तात आला होता. गावातल्या इतर ज्यू कुटुंबांसारखं भावानेही बिऱ्हाड इस्रायलला हलवलं तेव्हा तो म्हणाला होता, पोराला एखाद्या संस्थेत ठेव आणि चल. ठाण्याचं एक चांगलं स्थळ आलं, त्यांचीही तीच अट. अबीगेलने दोघांनाही सारखंच नाही म्हटलं. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, सरकारी दवाखान्याच्या रांगा धरल्या, आणि एचआयव्हीसकट त्या पोराला वाढवलं. बाई तशी कोणाला दबणारी नव्हे. पनवेलच्या बाजारात भाजीवाले तिला लांबून बघूनच भाव उतरवायचे. पण आज एका पालथ्या पेल्यापुढे तिची मती गुंग झाली होती.

दुपारी बेल वाजली. दारात एक सडपातळ मुलगी उभी होती.

"मी जनी. एलिशाच्या गटातली. तेची चादर ऱ्हायली हाय, ती पायजे."

जनी उरणच्या कोळीवाड्यातली. दवाखान्यातल्या समुपदेशक किशोरीताईंच्या गटातली सगळी मुलं अशीच, लहानपणापासून गोळ्या घेणारी. कोणाची गोळी चुकली, कोणाचा जीव उबगला, की बाकीची त्याच्या दारात हजर. अबीगेलने चादर आणली खरी, पण ती हातातून सोडेना.

"त्याला माझं काय खुपलं गं? खरं सांग."

जनीने ओट्याकडे बघितलं. "राग नका मानू, मावशी. आमी सगली एका परातीत जेवतो. तो गटात आला, त्या पयल्या दिवशी त्याला बोलवला, तं तो हातच घालीना. म्हने, माझा हात लागला तं तुमाला चालंल? आमच्या घरी नाय चालत."

"माझ्या घरी?"

"ताटली येगली, पेला येगला. तुमी बोलताना तोंडाला पदर लावता. तो म्हनतो, मावशीनं माझ्यापायी जलम घालवला, पन तिला माझी किलस येते."

किळस? जे सगळं त्याच्यासाठी केलं, ते त्याला असं दिसलं? मग इतक्या वर्षांत तिने खरोखर केलं तरी काय... तिचं तिलाच कळेनासं झालं. डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "रविवारी मलिदा आहे. त्याच्याच नावाचा नवस आहे. तुम्ही सगळी या. त्याला घेऊन या."

नवस जुना होता. औषधाने विषाणू इतका दबू दे की तपासणीत सापडूही नये, मग प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याची थाळी भरीन, असं ती बोलली होती. तसा रिपोर्ट नुकताच हाती आला होता, आणि ज्याच्यासाठी नवस तोच घरात नव्हता.

रविवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हजान राफेलकाका आले. पूर्वी मलिद्याला घर पुरायचं नाही. आता गावातली निम्मी ज्यू घरं परदेशी गेलेली. पण त्या दिवशी किशोरीताईंची मुलं आली आणि चटया भरल्या. सगळ्यांत शेवटी एलिशा आला आणि टोपी घालून दाराजवळ पाहुण्यासारखा बसला. प्रार्थना झाली. मधोमध मोठी थाळी ठेवली होती: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि कडेने फळं. आता सगळ्यांनी त्या एका थाळीतून घ्यायचं.

आणि अबीगेलचा हात, दरवेळी जायचा तसाच, छोट्या डब्याकडे गेला. कोणाचाही हात थाळीत पडायच्या आधी तिने त्यात एलिशाचा वाटा काढलासुद्धा.

"मावशी, आजसुद्धा?" एलिशा उठून उभा राहिला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "नवस माझा, आणि थाळीत माझाच हात तेवढा नको?"

अबीगेल डबा घेऊन त्याच्यापुढे आली. "तुझा हात नको म्हणून नाही रे... आमचे हात तुला लागायला नकोत म्हणून!"

तिला आता थांबवेना.

"तू पहिलीत होतास. शेजारच्या पोराचा खोकला लागला आणि तुझ्या छातीत न्यूमोनिया भरला. डॉक्टर म्हणाले, याला कोणाचं उष्टं, कोणाची सर्दी लागू देऊ नका, पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाही. तेव्हापासून तुझी भांडी वेगळी उकळली. तुझं आधी काढलं. मला शिंक आली की पदर धरला. मी तुला जपत होते रे, आणि तुला वाटलं..."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू घाबरशील म्हणून. आणि आता पुरे, असं मला कोणी सांगितलंच नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं आणि डॉक्टर म्हणाले असते, अजून जपा, तर?"

किशोरीताई जागेवरूनच हळू म्हणाल्या, "आता पुरे, मावशी. तो गोळ्या नीट घेतोय. बाकीच्या पोरांसारखाच आहे तो."

एवढंच ऐकायला ती किती वर्षं आसुसली होती, हे तिला स्वतःलाही ते ऐकल्यावर कळलं. तिला हुंदका आवरेना. एलिशाला हसावं की रडावं समजत नव्हतं. तो एकदा डब्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"अरे घाल हात," राफेलकाका म्हणाले. "पोहे सुकले."

एलिशाने तिच्या हातातून डबा घेतला आणि थाळीत उपडा केला. मग ओट्यावरची ताटली आणून जनीपुढे ठेवली.

"हिच्यात खा तू. आता ही माझ्या एकट्याची नाही."

"चादर पन परत आनलीय मी," जनी पिशवी पुढे करत म्हणाली. "मना वाटलाच व्हता."

तो अबीगेलसमोर बसला. "मामाकडे जाणार नाहीस ना?"

"तुला टाकून? वेडा कुठला."

त्याने थाळीत हात घातला, सगळ्यांच्या आधी, आणि पहिला घास तिच्या तोंडासमोर धरला.

"अरे थांब, माझी सर्दी..." म्हणत तिने पदर तोंडाशी नेला. एलिशाने घास तसाच धरून ठेवला.

अबीगेलने पदर सोडला आणि तोंड उघडलं.