बोंडांवर पोसलेलं लोखंड

प्रयोगशाळेतल्या टाकीकडे डॉ. नीरजा तेंडोलकर डोळ्यांत तेल घालून बघत होती. तांबड्या पाण्यातल्या पट्टीवर लोखंडाचा करडा थर चढू लागला, आणि तिने शेजारी उभ्या लोबोंना चक्क मिठी मारली.

"अगो, सोड! साहेब बघतायत," होऊ घातलेल्या कारखान्याचे मुख्य अभियंता बस्त्याव लोबो ओशाळून म्हणाले.

खनिज खात्याचे सचिव चंद्रात्रे खरंच बघत होते. तांबळेवाडीचा डोंगर खणायचा, कच्चं खनिज बोटीत भरायचं आणि परदेशात त्याचं पोलाद झालं की आपणच चढ्या भावाने विकत घ्यायचं, असला आतबट्ट्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. अर्धा डोंगर असाच गेला. उरलेला अर्धा बोटींवर चढवायच्या करारावर सही तेवढी बाकी होती. नीरजा त्याच गावची. हा प्रयोग फसता, तर तिचा डोंगर गेलाच होता.

"भट्टी नाही, कोळसा नाही. हे होतं कसं?" चंद्रात्र्यांनी विचारलं.

"हे लोहपाचक जिवाणू साखर खातात. ती पचवायला त्यांना दगडातलं लोखंड लागतं. त्या झटापटीत लोखंड सुटून पाण्यात उतरतं. मग वीज सोडायची, की पट्टीवर गोळा!"

"पण परदेशी जिवाणूंना तिकडच्याच कंपन्यांचा महागडा खुराक लागतो म्हणे."

"खुराक त्यांचा, तर कारखाना आपला कसला? आमचे काजूच्या बोंडांवर वाढवलेत. आपण बी काढून घेतो आणि बोंडं झाडाखाली कुजू देतो. त्या रसातलं एक द्रव्य नसेल, तर हे दिवसभरात मरतात."

"म्हणजे निसटले तरी धोका नाही."

"मुळीच नाही," नीरजा ठामपणे म्हणाली.

करार बारगळला, कारखाना धडाक्यात सुरू झाला. टाक्यांच्या तळाशी गाळ उरायचा. पण वस्तू वाया गेली तर कोकणी माणसाला घास कसा उतरणार? वाडीतले लोक बादल्या भरभरून गाळ नेऊ लागले आणि परसातल्या नि डोंगरावरच्या काजूंच्या मुळाशी घालू लागले. झाडं अशी तरारली की बघतच राहावं. नीरजाही कौतुकाने म्हणायची, "न्या हो, न्या!"

तिसऱ्या वर्षी लोबोंनी डोंगरमाथ्यावरचा एक दगड तिच्या टेबलावर ठेवला आणि नुसत्या अंगठ्याने दाबला. त्याचा भुगा झाला.

"वरचा थर पोकळ झालाय, डॉक्टरबाई. आपण तर तिथे खणलंही नाही. मग लोखंड खाल्लं कोणी?"

तिने भुगा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिचेच जिवाणू! मरतील कसे? गाळातून ते काजूखाली गेले, आणि काजूखाली बोंडं कुजतच होती. परदेशी खुराक रानात कुठेच मिळाला नसता; तो झुगारताना तिने कुलूपच काढून टाकलं होतं.

"डोंगराचं सोड," लोबोंचा आवाज खाली गेला. "घरं कशाची आहेत आपली?"

जांभ्याची. आणि जांभा म्हणजे तरी काय, लोखंडाने धरून ठेवलेली मातीच ती. नीरजा तशीच आईच्या घरी धावली. परसातल्या भिंतीत तिचं बोट पेरभर आत गेलं.

"गेल्या पावसापासून भुगो पडता," आई म्हणाली. "काय झाला गो?"

"आये, ह्यो काजू आजच तोडूक होयो. वाडीतले सगळेच. डोंगरावरचेय."

"आणि तुझो कारखानो? तो मग कशार चलतलो?"

बोंडं बाहेरून आणता आली असती. पण सगळं कोकण जांभ्याचं, आणि काजू नाही असं गाव कुठलं? एक बादली जरी निसटली, तरी पुढच्या वाडीच्या भिंती जाणार. टाकीतले जिवाणूही मारायलाच हवे होते.

"नाय चलाचो, आये."

आईने आत जाऊन कुऱ्हाड आणून दिली. नीरजाला रडू आवरेना. तिने आधी फोन लावला.

"चंद्रात्रेसाहेब, कारखाना बंद करतेय; तो बोटींचा करार फाडला नसेल, तर काढून ठेवा."