दोन लाल बॅटी

"बेसबॉलच्या इतिहासात कोल्हापूरचं नाव आजपासून सोन्याच्या अक्षरांनी लिहिलं जाईल!"

हंबीरराव वस्तादांनी दोन्ही हातांत दोन बॅटी धरून आभाळाकडं उंचावल्या. इतिहासानं अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं, तेवढ्यात बॅटींवरून लाल रंगाचे दोन ओघळ निघाले आणि वस्तादांच्या कोपरांवरून त्यांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर टपकले.

शांभवीच्या तोंडातली कैरीची फोड तोंडातच राहिली.

"वस्ताद... या माझ्या मामाच्या बॅटी?"

"व्हय! वळखू येत न्हाईत न्हवं?" वस्ताद खुशीत म्हणाले. "तालमीच्या दाराचा ऑइलपेंट उरला होता. तीन हात मारलेत!"

ते साल २००४ होतं आणि मे महिन्याची सुट्टी. वस्तादांनी जन्मभर कुस्ती शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी तालमीमागच्या मैदानावर त्यांनी पोरांना बेसबॉल शिकवायला घेतला, कारण 'त्यातबी दंड लागतोच की!' शांभवीच्या रेवणसिद्धमामानं अमेरिकेतून दोन कॉम्पोझिट बॅटी पाठवल्या होत्या. त्यात ना लाकूड ना ॲल्युमिनियम. कार्बनच्या धाग्यांचे थर घट्ट चिकटवून केलेल्या. एक निळी होती, एक काळी. होती!

"पण का रंगवल्या?" शांभवी रडकुंडीला आली.

"एक निळी, एक काळी. म्हंजे निळी कुणाला न् काळी कुणाला यावरनं भांडणं. आता भांडा बघू! वजन केलंय काट्यावर. दोन्ही सारख्या, गुंजेचा फरक न्हाई."

"आणि बॅटींसोबत आलेलं मामाचं पत्र?"

"हाय की. जपून ठेवलंय."

मग वस्तादांनी मारुतीपुढं नारळ फोडला, बॅटींना हळदकुंकू लावलं आणि एक संग्रामच्या हातात दिली, एक शांभवीच्या. "देवापुढं हातात दिलेली बॅट बदलायची न्हाई. या तालमीची रीत हाय!"

त्या तालमीत आजवर देवापुढं फक्त लंगोट दिला जायचा. तो कुणी बदलायला मागत नसे, हे खरं.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला आणि सगळ्यांचे डोळे पांढरे व्हायची पाळी आली. शांभवी अंगानं बारीक, पण हातानं चपळ. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबायची आणि दोन खेळाडूंच्या मधून अल्लाद काढून द्यायची. ती तीन चेंडू चुकली. लागोपाठ! बॅट येईपर्यंत चेंडू पोचलेलाच असायचा.

संग्राम म्हणजे सहावीपासून दाढीची वाट बघणारा धिप्पाड गडी. त्याचा फटका लांब जायचा. आज मात्र बॅट चेंडूच्या आधीच फिरत होती. पहिला फटका वाकडा गेला. दुसरा त्याहून वाकडा. तिसरा थेट चहाच्या टपरीवर! किटली आडवी झाली.

"आरं, च्या पाजतोस का खेळतोस?" टपरीवाला ओरडला.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "पोरी, रविवारी इचलकरंजीचा संघ येतोय. तू वही घे आन् धावा लिही. तुझ्या जागी आकाराम खेळंल."

"वस्ताद, असं नका करू! मी दोन वर्षं..."

"लिहिणं बी लई महत्त्वाचं असतंय," वस्ताद म्हणाले. त्यांनी स्वतः सहीपलीकडं कधी काही लिहिलं नव्हतं.

शांभवी वडाखाली जाऊन बसली. मामाच्याच बॅटीनं तिचा घात केला होता! तिच्या शेजारी अमरेश येऊन बसला. त्याच्या आजोबांचा हुपरीला चांदीचे पैंजण करायचा कारखाना. सुट्टीत काटा पुसायचं काम त्याच्याकडं असायचं. त्यानं तिची बॅट एका बोटावर आडवी तोलली. मग संग्रामला हाक मारून त्याची तोलली.

"शांभे! बघ! तुझी बॅट संग्रामच्यापेक्षा चार बोटं टोकाकडं तोल धरते!"

"म्हणजे?"

"वजन किती, ते काटा सांगतो. वजन कुठं, ते न्हाय सांगत! तुझ्या बॅटीचं वजन टोकाला हाय. संग्रामच्या बॅटीचं हाताकडं."

"मामा असं का करेल?"

"पत्रात असंल की. कुठंय पत्र?"

तिघं तालमीच्या कोठीत शिरले. कपाट बघितलं, माळा बघितला, मारुतीच्या फोटोमागं बघितलं. शेवटी संग्राम किंचाळला, "अगं आई गं!"

जमीन खराब होऊ नये म्हणून वस्तादांनी पत्र रंगाच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं.

लाल कड्याच्या आतली अक्षरं तेवढी शाबूत होती. शांभवीनं मोठ्यानं वाचलं, "लाकडात वजन कुठं असावं ते झाड ठरवतं, कॉम्पोझिटमध्ये कारागीर ठरवतो. काळी टोकाला जड, ती लांब मारणाऱ्या संग्रामला. निळी समतोल, भरकन फिरते. ती आपल्या शांभवीला. बाळे, चुकूनही..." पुढं नुसता रंग होता.

चुकूनच तर झालं होतं!

"बदलूया!" शांभवी म्हणाली.

संग्राम मागं सरला. "देवापुढं दिलीय गं. काय झालं तर?"

"देवाला रंगाखालचं दिसतंच की," अमरेश म्हणाला. "अडचण वस्तादांची हाय. आणि त्यांनी तर दोन्ही सारख्याच रंगवल्यात!"

रविवारी इचलकरंजीकरांनी जोर केला. संग्रामनं मात्र पहिलाच फटका भिंतीपार घातला आणि वस्ताद आनंदानं शड्डू ठोकू लागले. शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत. दोन गडी बाद. संग्राम दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेत. आणि आकारामचा पाय मुरगळला!

वस्तादांनी चहूकडं बघितलं. वही घेऊन बसलेली शांभवी सोडून कुणी उरलंच नव्हतं.

"जा पोरी. पर चुकलीस तर पुढचा उन्हाळा बी वहीच."

पहिला चेंडू चुकला. दुसराही! आता एकच उरला. वस्तादांनी डोळे मिटले. ऊन मी म्हणत होतं, बॅटीवरचा जाड रंग पाघळत होता. तिसरा चेंडू... शांभवी थांबली, थांबली... आणि बॅट भरकन फिरली! टण्ण! चेंडू दोघांच्या मधून सुळ्ळकन निघाला.

"पळ!"

ती बॅटीसकट पळाली!

"बॅट टाक! अगं, बॅट टाक की!" सगळं मैदान ओरडत होतं. शांभवी पहिल्या बेसवर पोचली, संग्राम धाव पुरी करून होम बेसवर शिरला, सामना जिंकला, तरी बॅट तिच्या हातातच!

"देवापुढची बॅट! बघितलासा?" वस्ताद गरजले.

शांभवीनं मान खाली घातली. "वस्ताद, ही ती न्हवं. आम्ही सकाळीच बदलल्या." अमरेशनं रंगानं माखलेलं पत्र पुढं केलं.

वस्तादांनी पत्र पहिल्यांदाच वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा बॅटीपेक्षा लाल झाला.

"आन् मला कसं कळलं न्हाई?"

"तुमीच रंगवल्या की, वस्ताद!"

वस्ताद पोट धरून हसले. त्यांनी लाऊडस्पीकरचा माइक ओढून घेतला. "ऐका! या तिघांनी आज वस्तादाला चीतपट केलंय. पोरांचा हात न बघता मी हत्यार वाटलं, चूक माझी! हुपरीच्या पोराचं डोकं, संग्रामचा दंड आन् या पोरीची सबुरी, असली पोरं या तालमीनं बघितली न्हाईत! शांभवी, माग! आज काय मागशील ते देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शांभवीनं बॅट धरलेला हात कसाबसा वर केला. बोटं अजून मिटलेलीच.

"वस्ताद, थोडं रॉकेल मिळेल का? सुटंना झालीय."