जोडीची खुर्ची

माझी आई, अव्वा, गेली त्याच्या आदल्या दिवशी ती दोन वेताच्या खुर्च्यांच्या पायांना लाल रिबीन बांधत होती. डिसेंबर २००३, शनिवारची दुपार. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या बैठकीत मी प्रथम वर्षाचे पेपर तपासत बसले होते आणि दर दोन पानांमागे ती मला हाक मारत होती. सुशी, कात्री दे. सुशी, गाठ धर. सुशी, ही बदकं एकमेकांकडं बघतायत का सांग.

बदकं लाकडी होती, महाद्वार रोडवरच्या दुकानातून आणलेली. महिला मंडळात फेंगशुई शिकवणाऱ्या एक बाई यायला लागल्यापासून आमच्या घरात पुष्कळ काही आलं होतं. दारात वाजणाऱ्या नळ्या, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, काचेच्या भांड्यातला बांबू, हसरा बुद्ध. मी सगळं सोसलं. बुद्धाच्या पोटावरची धूळही पुसली. पण या वेळी अव्वा मुद्द्यावर आली होती. घरात नात्यांचा म्हणून एक कोपरा असतो, तिथं प्रत्येक वस्तू जोडीनं ठेवली की दुरावलेलं माणूस जवळ येतं, असं बाईंनी सांगितलं होतं.

दुरावलेलं माणूस म्हणजे माझे वडील, आप्पा. ते त्या वेळी हाताच्या अंतरावर पलंगावर बसून सुपारी कातरत होते.

दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सांगायचीही लाज वाटते. निपाणीला अव्वाच्या भाच्याचं लग्न होतं आणि गुळाचा हंगाम होता. आप्पा शाहूपुरीतली आपली अडत सोडून गेले नाहीत, वर चार माणसांत म्हणाले, "निपाणीचं लगीन म्हणजे काय दिल्लीचा दरबार हाय?" अव्वा एकटी जाऊन आली आणि गप्प झाली. तेही गप्प झाले. तेव्हापासून जे बोलायचं ते माझ्यातून, एकाच खोलीत, एकमेकांच्या देखत. आप्पांना सांग, भाकरी निवतीय. तिला सांग, भूक न्हाय. मी निरोप न्यायचे. कानामात्रा बदलायचे नाही, स्वतःचं काही घालायचे नाही. दोन विषयांत एम.ए. होऊन, कपाटभर पुस्तकं वाचून, छत्तिसाव्या वर्षी मी घरातली टेलिफोनची वायर होते.

बाईंनी दिलेला नकाशा मी पेपर बाजूला ठेवून पाहिला. चिनी नकाशात दक्षिण वर असते. अव्वानं वर उत्तर धरली होती. त्यामुळे नात्यांचा, म्हणजे नैऋत्येचा, कोपरा तिनं ईशान्येला मांडला होता, घराच्या बरोबर उलट्या टोकाला.

"अव्वा, उलटं झालंय," मी म्हणाले. "हा तो कोपराच नव्हे."

"नसंना. माणूस दिशा बघून येत न्हाय. खुर्ची बघून येतंय." तिनं शेवटची गाठ मारली. "आप्पांना सांग, एकदा बसून बघा म्हणावं."

मी मान वळवली. "आप्पा, एकदा बसून बघा म्हणतेय."

अडकित्ता थांबला नाही. "उद्या बसतो म्हणावं."

"उद्या बसतो म्हणतात."

"उद्या तर उद्या. वाट बघतो की मी," अव्वा म्हणाली आणि त्यातल्या एका खुर्चीवर मांडी घालून बसली. ती खुर्चीवरही मांडी घालूनच बसायची. पाय खाली सोडले की परक्याच्या घरी आल्यागत वाटतं, म्हणायची.

पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून माती देतात. मांडी घातलेली, अंगभर विभूती, हातात इष्टलिंग. रुद्रभूमीत तिला खाली बसवलं तेव्हा बायका रडत होत्या आणि मी तिच्याकडे पाहत होते. तिची बसण्याची तऱ्हा आदल्या दिवशीचीच होती. आता म्हणेल, सुशी, कात्री दे.

घरी येऊन आप्पांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. माझ्या लक्षात आलं, आज त्यांचा 'उद्या' होता.

पाहुणे गेले. आप्पा उठले नाहीत. म्हणजे जेवायला उठायचे, झोपायला उठायचे, पण मधला सगळा दिवस त्या खुर्चीत. अडतीवर जाणं थांबलं. सुपारी थांबली. अर्ध्या भाकरीवर आले. मी तपासायला डॉक्टर घरी आणले. त्यांनी छाती ऐकली, रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि जाताना मला दारात हळूच म्हणाले, "पण झपाट्यानं उतरलेत." ते मलाही दिसत होतं. अव्वा गेली त्यावर माझा काही इलाज नव्हता. आप्पांना मात्र मला त्या खुर्चीतून उठवायचं होतं, आणि ते लवकर करायला हवं होतं.

मी चिडून कामाला लागले. बेडूक, बुद्ध, बदकं खोक्यात भरली. समोरची खुर्ची गच्चीवर नेऊन टाकली. कॉलेजातून परत आले तर खुर्ची जागेवर होती.

"धोंडुबाई, ही खाली कुणी आणली?"

धोंडुबाई आमच्याकडे वीस वर्षं भांडी-फरशीला येते. "मला वाटलं तुम्हीच. मी आलो तवा हिथंच हुती."

"आप्पांनी आणली असेल."

"त्यास्नी मोरीपतोर जायला भिंत धरावी लागतीय, ताई. ते जिना चढत्यात व्हय?"

हट्टाला गुडघे लागत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं आणि खुर्ची धोंडुबाईलाच देऊन टाकली. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली आणि रिक्षातून तीच खुर्ची उतरली. धोंडुबाईनं ती बैठकीत आणली, आप्पांच्या समोर ठेवली आणि पदरानं घाम पुसला.

"का गं? नको?"

"चांगली हाय. पण पोरं बसंनात तीवर. भरलीया म्हंत्यात."

"भरलीय म्हणजे?"

"मला काय विचारता? उचलून बघा की."

मी उचलून पाहिली नाही. मला या असल्या गोष्टींचा वैताग येतो. मी तिला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही शिकल्याल्या. पर ती खुर्ची आता मी पुसणार न्हाय."

म्हणून ती मी पुसली. वेताच्या विणीत पांढरी पूड बसली होती. विभूती. आप्पा रोज लावतात, सांडली असेल. पण दोन बाजूंना दोन गोल डाग होते, आणि मध्ये आडवा पट्टा. मांडी घातल्यावर गुडघे जिथं टेकतात तिथं. मी ओल्या फडक्यानं नीट पुसून काढली. दुपारी पुन्हा होती.

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, उन्हाची तिरीप फरशीवर असताना, मी चहा घेऊन बाहेर आले आणि थबकले. आप्पांनी उजवा हात पुढे केला होता. हातावर खांद्यावरचा टॉवेल टाकला होता आणि टॉवेलखाली बोटं हलत होती.

मला ते काय आहे हे माहीत होतं. जुन्या काळी अडतीत भाव तोंडानं बोलत नसत. दोन व्यापारी एका कापडाखाली हात घालायचे. बोटं धरून आकडा सांगायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. भोवतीच्या माणसांना काही कळायचं नाही. पटलं की तळहात दाबायचा, सौदा झाला. लहानपणी आप्पा माझ्याशी तो खेळ खेळायचे. एकच नियम होता आणि तो ते माझा कान धरून सांगायचे: आकडा कळल्याबिगर तळहात द्यायचा न्हाय.

"काय करताय, आप्पा?"

"सौदा."

"कशाचा?"

"तुझी अव्वा चल म्हणतीय." अगदी साध्या आवाजात. "मी म्हणतोय, हंगाम सरू दे. पाडवा होऊ दे, मग येतो."

मला आधी भीती वाटायला हवी होती. आधी वैतागच आला. "ती बोलते तुमच्याशी?"

"बोलतीय कुठली. इतकी वर्सं बोलली न्हाय, ती आता काय बोलंल? हातानंच."

मी चहा त्यांच्या डाव्या हातात दिला. टॉवेलकडे मी बघत होते. एका हातावर टाकलेला टॉवेल जसा पडतो, तसा तो पडला नव्हता. पलीकडच्या बाजूलाही त्याला उंचवटा होता.

पुढं ते मला रोज भाव सांगावा तसं सांगू लागले. "पाडव्यावरनं शिवरात्रीवर आलोय." मी म्हणायचे, आप्पा, दोन घास खा. "घसरायला लागलंय," ते म्हणायचे. "तुझी अव्वा लई चिवट. हिला अडतीवर न्यायला पायजे हुती." आणि हसायचे. लग्नानंतरच्या फोटोत हसलेत तसे. खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांत त्यांना इतकं सुखात मी पाहिलं नव्हतं. अव्वाला हवं होतं ते सगळं त्या कोपऱ्यात चाललं होतं. फक्त उलट्या टोकाला.

संक्रांत तोंडावर आली. वाण्याच्या दुकानात तिळगूळ दिसू लागला. त्या दुपारी मी आप्पांसमोर भरवायला बसले, तर घास गालातच राहिला. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

"आप्पा, कुठवर आलं?"

"संक्रांत." त्यांनी डोळे मिटले होते. "हात दमला माझा, सुशी. तू घाल. तू सांग तिला."

"काय सांगू?"

"तुलाच ठावं. तूच सांगत आलीस की."

टॉवेल दोन खुर्च्यांच्या मध्ये होता. मला हा सगळा वेडेपणा संपवायचा होता. त्यांचा हात ओढून बाहेर काढायचा, त्यांना उठवायचं, दोन्ही खुर्च्या जाळून टाकायच्या. मी फरशीवर गुडघे टेकले आणि टॉवेलखाली हात घातला.

हात हाती लागला.

कोरडा. थंड. बोटांवर बारीक पूड.

मी करंगळी चाचपली. शेवटचं पेर वाकडं होतं. अव्वाचं, निपाणीच्या माहेरी, लहानपणी, जात्यात सापडलेलं.

मी वर पाहिलं. आप्पांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

टॉवेलखालच्या बोटांनी माझी बोटं धरली. एक धरलं, सोडलं. दोन धरली. आकडा सांगायला सुरुवात झाली होती. मी तो पुरा कळायची वाट पाहिली नाही.

"अव्वा," मी मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हा आप्पांचा निरोप नाही. हा माझा आहे. तुम्ही दोघं माझ्यातून बोललात. माझ्याशी कुणी बोललंच नाही. मला तुझा राग आहे. आणि मला तू पाहिजे होतीस. आता यांना तरी माझ्यापाशी राहू दे."

समोरच्या खुर्चीचा वेत करकरला. कुणी पुढं वाकलं की करकरतो तसा.

मग माझा तळहात दाबला गेला. एकदाच, घट्ट.

टॉवेल सपाट झाला. आप्पांनी डोळे उघडले. गालातला घास चावला, गिळला, आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

"पटला?"

"हो."

"कितीला?"