कपाटापाशी ठेवलेला पेला

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे घडलंय. रशियाच्या उत्तर टोकाला, खिबिनी डोंगरांच्या पायथ्याशी, डिसेंबरातल्या भर दुपारी. त्या महिन्यात तिथे सूर्य उगवतच नाही. बाराच्या सुमारास जेमतेम उजळतं, मग पुन्हा मिट्ट काळोख.

आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाची शेकडो भावंडं तिथल्या वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेली आहेत. दगडाला घट्ट धरून वाढणारी तर दगडासकट.

रिम्मा तिथे नवी होती. स्वतःच्या नमुन्यांसाठी तिला कपाट हवं होतं. तिची नजर येर्मोलाय साविचच्या कपाटावर गेली.

डोंगरातून छिन्नीनं दगडफुलं काढून आणणारा येर्मोलाय दोन हिवाळ्यांपूर्वी कोसळत्या बर्फाखाली गेला. सापडलाच नाही. संग्रह सांभाळणारी म्हातारी फाइना ओसिपोव्ना त्याच्या कपाटापाशी वोडकाचा पेला भरून ठेवायची, वर काळ्या पावाचा तुकडा. गेलेल्या माणसासाठी.

"जिवंतपणी कमी प्यायला का?" रिम्मा म्हणाली. "दगड आणले, पण कुठून ते लिहिलं नाही. असला माल पायरीलासुद्धा चालत नाही."

"डोंगरावरून परतला की लिहायचा तो. नेहमी."

"मग येऊ दे की लिहायला."

"पोरी, दगड टाक हवं तर. पेल्याला हात लावू नकोस."

रिम्मानं नाक मुरडलं. वोडका मोरीत ओतली, पाव कचऱ्यात फेकला. पेला नमुने भिजवायला घेतला. दगड अंगणातल्या कचरापेटीत रिकामे केले.

दुसऱ्या दुपारी ती एकटीच होती...

टक.

टक...

छिन्नीवर हातोडी पडावी तसं.

"जुनाट नळ," ती पुटपुटली.

आवाज थांबला. मग खोली तापवणाऱ्या नळांची नेहमीची घरघरही थांबली.

तिनं येर्मोलायचं कपाट उघडलं.

दगड जागच्या जागी होते... ओले. जिथे दमट हवासुद्धा आत येऊ देत नाहीत, त्या खोलीत.

"म्हातारीची थेरं," म्हणत ती खिडकीपाशी गेली. दिव्याच्या उजेडात अंगणातला बर्फ स्वच्छ दिसत होता. कचरापेटीकडे जाणारी-येणारी पावलं एकाच माणसाची. तिचीच, कालची.

ती वळली.

टेबलावरच्या पेल्याच्या काठाला पिवळट दगडफूल चढलं होतं. काळ्या रेघांचं, नकाशासारखं. एवढं वाढायला शंभर वर्षं लागतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पेला तिनं सकाळीच धुतला होता.

काच एकाच जागी मोकळी होती...

ओठ टेकतील तेवढी.

पेला आता रिम्माच भरते. दगडही आहेत तिथेच. कुणी विचारलं तर तोऱ्यात म्हणते, "वोडका काय, हवेत उडते."

पाव कुठे जातो, ते विचारलं की मात्र नवा तुकडा कापायला घेते.